पिंपाचा नियम

भागोजीच्या उजव्या खांद्याला चोळण्यासाठी मुशी माशाच्या तेलाची आणखी एक बाटली घरात आली, तेव्हा ती मी सुनेच्या हातून काढून घेतली आणि चोळणे बंद करविले.

भागोजी माझा एकुलता एक मुलगा आणि आमच्या ‘पार्वतीप्रसाद’ गलबताचा नाखवा. शिडाचे दोर ओढून खलाशाचा खांदा धरतो, ही गोष्ट भाट्याच्या खाडीवर नवी नाही. माझ्या सासऱ्यांचा धरत असे, यजमानांचाही धरत असे. त्याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. रात्री तेल चोळावे, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकावे आणि सकाळी कामाला लागावे, एवढेच त्याचे औषध. म्हणून मैनेने, माझ्या सुनेने, दसऱ्यापासून नवऱ्याचा खांदा रगडण्याचा जो क्रम चालविला होता, त्यात तिला दोष देण्यासारखे काही नव्हते.

परंतु दोराने धरलेले खांदे मी आयुष्यभर पाहिले आहेत. असा खांदा हात वर केला की दुखतो. भागोजी तर फळीवरचा पोह्यांचा डबा उजव्या हाताने सहज खाली काढीत असे. खोकला आला की मात्र तोच खांदा धरून खाली बसे. खोकल्याचा आणि दोराचा काय संबंध, हे मला कोणी समजावून सांगू शकले नाही.

शिवाय ताप होता. दुपार कलली की त्याला हुडहुडी भरे, दोन घोंगड्या पुरत नसत. मग दिवेलागणीला असा घाम सुटे की अंगातला सदरा पिळावा. हिवताप म्हणून त्याला क्विनीन दिले. कान वाजू लागले, पण ताप हटला नाही. चेहऱ्यावर मातकट कळा आली होती. धोतराच्या निऱ्या दर आठवड्याला अधिक आत खोचाव्या लागत होत्या. उजव्या कुशीवर तो निजेनासा झाला, आणि पुढे पुढे तर खांबाला टेकून बसल्या बसल्याच डोळा लावी.

“डॉक्टरला बोलावत्ये,” मी म्हणाले.

“कशाला? खांदाच तर धरलाय.”

“दोरानं कधी ताप येतो काय रे?”

“आये, तू कधी दोर ओढलायस?”

“तुझ्या बापाला ओढताना बघितलाय. तो असा म्हातारीसारखा कण्हत नव्हता.”

तो हसला, आणि हसताना त्याने बरगडीखाली हात दाबून धरला. ते पाहिल्यावर मी त्याची परवानगी विचारणे सोडून दिले आणि डॉक्टर बेहेऱ्यांना निरोप धाडला.

डॉक्टर तरुण होते, परंतु घाईचे नव्हते. त्यांनी पाठीवर बोटे ठेवून ठोकून पाहिले, श्वास ऐकला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग उजव्या बाजूच्या खालच्या दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत एकाच बोटाने दाबले. भागोजीने दातांवर दात आवळून श्वास आत ओढला. समुद्रात हाताचे बोट मोडले तरी तोंडातून शब्द न काढणारा माझा मुलगा, त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले.

“दारू घेता?”

“माडी. सणावाराला.”

“गेल्या वर्षभरात आव झाली होती? पोटात मुरडा येऊन रक्त पडले होते?”

“नाय.”

प्रश्न पुरता संपण्यापूर्वीच हे उत्तर आले होते. मैना कोपऱ्यात उभी होती, ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हात धुण्यासाठी पाणी मागून ते पडवीत आले. मी त्यांच्या पाठोपाठ गेले.

“आई, तुमच्यापासून लपवीत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “यकृतात गळू झाले असावे अशी मला शंका आहे. यकृत वाढलेले लागते आहे.”

“गळू तर कातडीवर होते.”

“आतही होते, आणि आत झालेले दिसत नाही हाच त्याचा घात. आवेचे जंतू आतड्यात शिरतात. कधी माणसाला चार दिवस मुरडा येतो, मग बरे वाटते आणि तो विसरून जातो. पण ते जंतू रक्तावाटे यकृतात जाऊन बसतात आणि तिथला भाग कुजवीत जातात. कित्येकदा हे काही महिन्यांनी ध्यानात येते. संध्याकाळचा थंडीताप, घाम, उतरलेले वजन, बरगडीखालची कळ, ही सगळी त्याचीच चिन्हे.”

“आणि खांदा?”

“यकृताच्या डोक्यावर एक पडदा असतो, छाती आणि पोट यांच्यामधला. त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या शिरा मानेत एकाच ठिकाणी पोहोचतात. दुखते आत, पण रोग्याला वाटते खांद्यात. खांदा त्याचा धडधाकट आहे.”

मी त्यांना विचारले की एवढे कळले असता उपाय का करीत नाही. त्यावर त्यांनी हातरुमालाने बोटे पुसली.

“कारण मला खात्री नाही. छातीच्या आवरणात पू झाला असला तरी पुष्कळशी हीच लक्षणे दिसतात. यकृतात गाठ असली तरीही. आवेचे असेल तर एमेटीन नावाचे इंजेक्शन आहे, ते उत्तम गुण देते. परंतु ते हृदयाला जड जाते. हा माणूस आधीच खंगला आहे. उगाच टोचले आणि हृदय बसले तर तुम्हाला काय तोंड दाखवू? शौच तपासता येईल, पण आता इतक्या महिन्यांनी त्यात काही सापडेलच असे नाही. तो एका शब्दाने मला सांगू शकतो, आणि तो सांगत नाही.”

“थांबलो तर?”

“गळू वाढत जाईल. छातीत फुटले तर काही माणसे वाचतात. पोटात फुटले तर मला बोलावून उपयोग होणार नाही.”

ते गेल्यावर मी मैनेला विचारले. ती म्हणाली, “मला ठाव नाय, आत्याबाय. पावसाआधी घरी आले तेव्हा चार दिस पेजच खाल्ली. विचारलं तर वसकन अंगावर आले.” तिला खरोखरच याहून अधिक ठाऊक नव्हते. परंतु तिचा नवरा का वसकन अंगावर आला, ते मला त्याच क्षणी कळले.

आमच्या गलबतांवर एक नियम आहे. पिण्याच्या पाण्याचे पिंप एकच असते आणि सगळे खलाशी त्यातच पेला बुडवितात. म्हणून ज्याला हगवण लागेल, त्याला पुढच्या बंदरात बोचक्यासह उतरवायचे आणि त्या हंगामात परत घ्यायचे नाही. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी एका गलबतावर पटकी शिरली आणि निम्मी माणसे समुद्रातच गेली, तेव्हापासून खाडीवरच्या सगळ्या नाखव्यांनी हा नियम धरला. तो नियम कठोर आहे. तो चुकीचा आहे असे मी तेव्हा म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही.

आदल्या वर्षी आमच्या गलबतावरच्या बाबल्याला हर्णै बंदरात उतरविले होते. उतरविणारा भागोजीच होता. बाबल्या एस.टी.ने घरी आला, आणि त्याच्या आधी बातमी येऊन पोहोचली होती. बाजारात पोरे त्याला ‘हर्णैचे पावणे’ म्हणू लागली. हंगाम संपला तरी कोणत्याही गलबताने त्याला घेतले नाही, कारण एकदा उतरविलेला माणूस लोकांच्या डोक्यातून उतरत नाही. आता तो राजापुराकडे काजूच्या बागेत राखण करतो.

हे सगळे भागोजीने स्वतःच्या हाताने केले होते. मग त्याच्याच पोटात मुरडा आला तर तो कोणाला सांगणार होता?

गलबतावरील गोष्ट गलबतावरच्या माणसाला ठाऊक असते. मी चादर अंगाभोवती घेतली आणि राजिवड्याला मजीद तांडेलाच्या घरी गेले. मजीद आमच्या खलाशांचा म्होरक्या, माझ्या यजमानांच्या हाताखाली वाढलेला, भागोजीहून दहाएक वर्षांनी मोठा. तो अंगणात बसून काथ्याचा दोर वळीत होता. त्याची बायको साबेरा सुपात तांदूळ निवडीत होती. मला पाहून ती उठली.

“या आये, बसा. आज मालकीण आपल्या पायानं आली, म्हणजे आमच्या ह्यांनी काय तरी बुडवला असणार.”

“गप गे,” मजीद म्हणाला. “नाखव्याचा ताप कसा हाय, आये?”

“तोच विचारायला आल्ये. त्याला आव कधी झाली होती?”

मजीदच्या हातातला दोर थांबला. त्याने दोराच्या पिळाकडे अशा रीतीने पाहिले की जणू तो कोणी दुसऱ्यानेच वळला होता.

“शब्द दिलाय, आये.”

“कोणाला?”

“नाखव्याला.”

“गलबत माझ्या नावावर हाय, मजीद. नाखवा मी नेमलाय.”

“गलबत तुमचा. शब्द माझा.”

खरे सांगायचे तर या उत्तराने मला रागही आला आणि हा माणूस आमच्याकडे आहे याचे समाधानही वाटले. परंतु समाधान मानीत बसण्याचे ते दिवस नव्हते. डॉक्टरांनी जे सांगितले ते मी त्याला जसेच्या तसे सांगितले. गळू, पडदा, खांद्याचे फसवे दुखणे, हृदयाला जड जाणारे औषध, आणि गळू पोटात फुटले तर काय, तेही.

साबेराने सूप बाजूला ठेवले. “ऐकलात ना? आता तो शब्द घ्या उशाशी नि झोपा. आणि मैना विचारायला आली की तिला सांगा, मी लय इमानी होतो म्हणून.”

“तुला कोणी विचारला?”

“मला कोणी विचारीत नाय, म्हणूनच बोलत्ये.”

मजीदने दोर खाली ठेवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “नाखव्याच्या पोटाचा मी एक अक्षर बोलणार नाय. पिंपाचा सांगतो, ता लपवायचा मी कबूल केलेला नव्हता. वैशाखातली मालवणची फेरी. मालवण सोडल्यापासून त्यानं आमच्या पिंपात पेला बुडवला नाय. आपली कळशी वेगळी केली, पेला वेगळा केला, ताटली आपली आपण समुद्राच्या पाण्यात घासायचा. पोरं हसायची, नाखव्यानं सोवळा घेतला म्हणून. तो पण हसायचा.”

मला उठण्यास साबेराने हात दिला. तो मी घेतला. एरवी घेतला नसता.

घरी आले तेव्हा उन्हे कलत होती आणि भागोजीच्या अंगात हुडहुडी भरण्यास सुरुवात झाली होती. मैनेला मी डॉक्टरांकडे पिटाळले आणि त्याच्या समोर बसले.

“मालवणच्या फेरीत कळशी वेगळी का केलीस?”

त्याने डोळे मिटले. “मजीदनं सांगितला.”

“मजीदनं तुझ्या पोटाचा काहीच सांगितला नाय. जबान त्यानं राखली. कळशीचा सांगितला.”

“मी पिंपाला हात लावला नाय, आये. एकदा पण नाय. बाकीच्यांना काय झाला नाय.”

“ता मी विचारीत नाय. रक्त पडायचा काय?”

थंडीने त्याचे दात वाजत होते. घोंगडी मी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. तो बोलला, पण माझ्या प्रश्नाला धरून बोलला नाही.

“बाबल्या पायरीवर बसून रडला होता. हर्णैच्या धक्क्यावर. म्हणाला, नाखवा, दोन दिसांत बरा होईन, बंदरातच थांबव, घरी नको धाडू. मी त्याचा बोचका त्याच्या मांडीवर ठेवला नि शीड चढवायला सांगितला. मग मी कसा सांगू? मला कोण उतरवणार होता?”

“मी,” मी म्हणाले. “आता उतरवत्ये.”

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की सुटका होती, ते मला सांगता येणार नाही. नंतर तो म्हणाला, “पडायचा. आठ-दहा दिस पडला. शेंबडासारखी आव नि रक्त. मग आपोआप थांबला, म्हणून वाटला, गेला.”

डॉक्टर आले आणि त्याच संध्याकाळी पहिले एमेटीन दिले. रोज एक इंजेक्शन, रोज नाडी पाहणे. अंथरुणातून उठायचे नाही, बसायचेही नाही, हृदयावर ताण नको म्हणून. नाडी चुकली की डॉक्टरांचे ओठ हलत आणि आम्ही दोघी सासूसुना त्यांच्या ओठांकडे पाहत राहत असू. चार-पाच दिवसांत थंडी भरणे थांबले. ताप मात्र रेंगाळला आणि बरगडीखालचा फुगवटा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, औषधाने जंतू मरतील, पण साठलेला पू इतका आहे की तो बाहेर काढल्याशिवाय भागणार नाही.

सुई दाभणाएवढी लांब होती. मैनेला मी बाहेर बसविले आणि मी स्वतः भागोजीचा हात धरला. दोन बरगड्यांच्या मधून सुई आत गेली, आणि डॉक्टरांनी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला तेव्हा आधी काहीच आले नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सुई थोडी आत घातली. मग काचेत ते चढू लागले. पांढरा नाही, पिवळा नाही. पहिल्या पावसाचे पाणी जांभ्याच्या कातळावरून गढूळ होऊन वाहते तसे, पण दाट, आणि त्याला कसलीही दुर्गंधी नव्हती. पिचकारी भरे, डॉक्टर ती भांड्यात रिकामी करीत आणि पुन्हा ओढीत. माझ्या मुलाच्या पोटात इतके महिने हे साठत होते आणि आम्ही त्याच्या खांद्याला तेल चोळीत होतो.

“आवेचेच,” डॉक्टर म्हणाले. “आता शंका नाही. पण सगळे निघालेले नाही. आणखी एकदा सुई घालावी लागेल, कदाचित दोनदा.”

“वाचेल?”

“आज तो काल-परवापेक्षा बरा आहे. याहून अधिक मी आज सांगत नाही.”

त्या दिवसापासून भागोजी माझ्याशी मोजके बोलू लागला. पेज दिली की पिई, कूस बदलायला सांगितली की बदली. एकदाच त्याने विचारले, “गलबत कधी सुटतं?” मी सांगितले. त्याने भिंतीकडे तोंड फिरविले.

गलबत सुटणे अटळ होते. कौलांचा माल भरून तयार होता, जमिनीवरून सुटणारा मतलई वारा धरत होता, आणि मुंबईचा व्यापारी निरोपांवर निरोप धाडीत होता. नाखवा म्हणून मजीदच जाणार, हे मी ठरविले. ज्या सकाळी गलबत सुटायचे, त्याच दिवशी दुपारी भागोजीला दुसरी सुई घालायची होती. तरीही मी धक्क्यावर गेले. यजमानांच्या माघारी एकही हंगाम मी समुद्राला नारळ दिल्याशिवाय सोडलेला नाही.

खलाशी माल झाकून दोर सोडण्याच्या तयारीत होते. मजीद मला बाजूला घेऊन म्हणाला, “आये, पोरं विचारतात. बंदराबंदरात पण विचारणार, भागोजी नाखवा कुठं म्हणून. काय सांगायचा? खांदा धरलाय म्हणून सांगतो.”

“नाय.”

“मग?”

“जे झाला ते सांगायचा. आव झाली, ती लपवली, त्याचं आत गळू झालं.”

“असा सांगितला तर उद्या बरा होऊन तो पुन्हा गलबतावर पाय कसा ठेवील? लोक बाबल्याला सोडीत नायत.”

त्याचे म्हणणे खरे होते. ज्या बाजाराने बाबल्याला सोडले नाही, तो बाजार माझ्या मुलाला सोडणार नव्हता, उलट नाखवा म्हणून त्याला दुप्पट चघळणार होता. मुलाचा जीव वाचविण्यासाठी मी त्याचे बिंग डॉक्टरांपुढे फोडले होते, आणि आता त्याची उरलेली अब्रू धक्क्यावर मांडायला निघाले होते. परंतु मला झोप लागत नव्हती ती निराळ्याच गोष्टीने. भागोजीला आव आली कोठून? घरात कोणाला नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते की ती पाण्यातून येते, अन्नातून येते, ज्याला आहे त्याच्या हातून येते. भागोजीने कळशी वेगळी केली ती आजारी पडल्यावर. त्याआधी तो सगळ्यांसारखा पिंपातच पेला बुडवीत होता.

मी गलबताच्या काठाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“नाखव्याला आव झाली होती. त्यानं लपवली. आता त्याच्या यकृतात सुई घालून पू काढतायत, आणि तो वाचेल की नाय ता डॉक्टरला पण ठाव नाय. तुमच्यात कोणाला मुरडा येत असेल, रक्त पडत असेल, तर आत्ता बोला. नियम नियमच राहणार, आजारी माणूस पिंपाजवळ राहणार नाय. पण आजपासून ‘पार्वतीप्रसाद’वरून जो उतरेल त्याची जागा कोणाला देणार नाय. बरा होईपर्यंत ती जागा त्याची. बाबल्याला पण आज निरोप धाडत्ये.”

एकाने दुसऱ्याला कोपर मारले, दुसरा ओशाळून हसला. मजीदने माझ्याकडे असे पाहिले, जणू हे पुरे झाले आहे, आता वारा फुकट जातो आहे.

मग चुलीजवळ बसलेला गंगाराम उठला. गंगाराम गलबतावरचा स्वयंपाकी, माझ्या यजमानांच्या वेळचा. केस पिकलेले, पाठीत वाकलेला. सगळ्यांची पेज तोच शिजवी, भात तोच वाढी, पिंप तोच भरी. त्याने हातातली भात ढवळण्याची डवली चुलीवरच ठेवली आणि धोतराला हात पुशीत पुढे आला.

“आये, माझा येतो जातो. लय नाय. मधनंमधनं.”

“केव्हापासून?”

“होळीच्या आसपास धरा.”

“रक्त?”

त्याने होय म्हणून मान हलविली. खलाशांच्या माना एकदम वळल्या, आणि त्या गंगारामकडे नव्हे, पिंपाकडे वळल्या.

“आणि कोणाला सांगितला नाय.”

“कोणाला सांगू? हर्णैवरनं घरी जायला मी बाबल्यासारखा तरणा नाय.”

मी त्याच्यावर रागावले नाही. रागावण्याचा अधिकार मला होता, परंतु त्या वेळी तो वापरण्यासारखा नव्हता.

“खांदा दुखतो?”

“नाय, आये. अजून नाय.”

मी मजीदला दोर पुन्हा बांधायला सांगितले. पिंप ओतून उकळत्या पाण्याने धुवायला सांगितले, आणि गंगारामला डॉक्टर बेहेऱ्यांकडे पाठविले, एकट्याला नव्हे, बरोबर एक खलाशी देऊन. माल एक दिवस उशिरा गेला तर मुंबई बुडणार नव्हती. मजीदने वाद घातला नाही.

सूर्य डोक्यावर येत होता. घरी डॉक्टर यायची वेळ होत होती, भागोजीचा हात धरायला मी हवी होते. तरी मी काथ्याच्या वेटोळ्यावर बसले, पदर सारखा केला, आणि उरलेल्यांकडे एकेकाच्या तोंडाकडे पाहून पुन्हा विचारले,

“आणखी कोण?”